आय पॅक, आय पॅक्ड

कंपनीची बस नाक्यावर यायच्या आधी जेवढा वेळ मिळायचा, तेवढाच आमचा वर्ग. आई गॅसपाशी भाकऱ्या थापत असायची, मी ओट्याला टेकून उभी असायचे. बाबा दाराच्या चौकटीला उशी लावून, कुणाचं तरी फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसलेले असायचे.

"वॉश," मी म्हणायचे.

"आय वॉश. आय वॉशेड. आय हॅव वॉशेड. आय विल वॉश."

"वॉश्ड. त्यातला 'एड' गिळायचा."

"गिळायचा तर लिवतात कशाला?"

बाबा जाळ्यावरची नजर न काढता म्हणायचे, "वॉश्ड. मना पन आलं आता."

"तुमाला कोण इचारणार हाय? गप जाळं शिवा."

आई तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. त्याआधी तिनं आयुष्यभर मासळी विकली. पहाटे बंदरावर लिलावात माल उचलायचा, टेम्पोत टाकायचा आणि बोईसरच्या बाजारात जाऊन बसायचं. बाबा बोटीवर पडले आणि त्यांची पाठ कायमची गेली, तेव्हा बोटीतला आमचा हिस्सा विकावा लागला. मासळीचं काय, एक दिवस हातात पैसे, दुसरा दिवस कोरडा. बाबांच्या गोळ्या मात्र रोज लागायच्या. म्हणून आई कंपनीत गेली. कंपनीत आत जाताना बांगड्या चालत नाहीत, टिकली चालत नाही, नखं वाढलेली चालत नाहीत. रोज सकाळी ती हिरव्या बांगड्या काढून खिळ्याला अडकवायची आणि बाबा रोज तेच म्हणायचे, "मी जिवंत हाय अजून, ध्यानात ठेव."

मग पॅकिंगच्या सुपरवायझरनं एक दिवस सगळ्या बायकांना उभं करून सांगितलं, की पॅकिंगचा ठेका बंद होणार. नवीन मशीन येणार. बऱ्याच जणींना जावं लागेल, थोड्या जणींना कंपनी स्वतःच्या रोलवर, म्हणजे कायम, घेईल. कोणाला घेणार ते बाहेरच्या देशातले तपासनीस येऊन गेल्यावर ठरेल. माल त्यांच्याकडे जातो, म्हणून ते येणार, लाइनवर उभे राहणार आणि काम करणाऱ्या बाईला स्वतःच विचारणार की तू काय करतेस, कसं करतेस. मध्ये साहेबानं बोललेलं त्यांना चालत नाही.

"मौसी को खड़ा करेंगे," सुपरवायझर आईकडे बोट दाखवून म्हणाला होता. "मौसी किसी से डरती नहीं. बस थोड़ा इंग्लिश सीख लो. बेटी है ना घर में इंग्लिश मीडियमवाली."

आईनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता, की जणू लिलावात चांगला माल तिच्या नावावर सुटला आहे.

मी इंग्लिश मीडियमची. आमच्या गावातून पालघरच्या शाळेत एसटीनं जायचे. फी मासळीतून यायची. शाळेत क्रियापदांचे तक्ते आम्ही उभं राहून म्हणायचो, सगळा वर्ग एका सुरात, आणि त्या आवाजात माझा आवाज लपून जायचा. लिहायला मी पहिली असायचे. एकटीला उभं केलं की पाठ असलेली ओळही तोंडातून फुटायची नाही. कॉलेज झालं, पालघरला दोन-तीन ठिकाणी मुलाखतींना गेले. समोरच्यानं "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं की मला सगळं व्याकरणासकट सुचायचं आणि बाहेर काहीच पडायचं नाही. घरी मी सांगायचे, "कळवतो म्हणाले." आई शेजारणींना सांगायची, "कळवणार हायत."

त्यामुळे आईला शिकवायचं ठरलं, तेव्हा मी खूश झाले असं नाही म्हणता येणार. मला भीती वाटली. तिची नोकरी राहिली तर घर राहणार होतं, आणि ते माझ्या इंग्रजीवर टांगलेलं होतं.

मी आधी तिच्या कामाची क्रियापदं काढली. वॉश, क्लीन, चेक, पॅक, लेबल, काउंट. सगळी नियमित. शेवटी तेच शेपूट लावायचं की झालं. मला हायसं वाटलं. तिनं मासळीबद्दल बोलायचं असतं तर फार पंचाईत झाली असती. पकडणं, विकणं, आणणं, कापणं, विकत घेणं, इंग्रजीत यातलं एकही धड वागत नाही. कॅचचं कॉट होतं, सेलचं सोल्ड, ब्रिंगचं ब्रॉट, आणि कट तर हलतच नाही. कंपनीचं काम त्या मानानं सरळ होतं.

आईला वाचायला फारसं येत नाही, पण कान विलक्षण. बाजारात चार बायका एकदम ओरडत असल्या तरी कोण कुठला भाव बोलली ते तिला कळायचं. त्या कानानं ती सगळं उचलायची. काळ बदलला की ती आवाजही बदलायची. आय पॅक साधं, आय पॅक्ड जरा खाली, आय विल पॅक म्हणताना आवाज असा वर जायचा की जणू लांबून गिऱ्हाईक दिसलंय.

मी तिच्या फोनवर व्हॉइस नोट करून दिल्या. घरात कुणी नसताना, दार लावून, फोन तोंडाजवळ धरून. एवढं मोठ्यानं इंग्रजी मी आधी कधी बोलले नव्हते. आईनं त्या कानात घालून ऐकाव्यात असं मला वाटलं होतं. तिनं बसमध्ये स्पीकरवर लावल्या. शेजारची काकी त्याच पॅकिंगला होती. ती एका संध्याकाळी मला म्हणाली, "तुजा आवाज गोड हाय गं. एवढी वर्सं शेजारी रायते, आज ऐकला." दुसऱ्या दिवसापासून अख्खी बस माझ्यामागून म्हणायला लागली. मी नाक्याकडे जाणं बंद केलं.

अडचण नकारार्थी वाक्यांची होती.

शाळेत होकारार्थी तक्ता झाला की शेजारी नकाराचा तक्ता असतो. मी एका सकाळी तिथे आले. "आता म्हण, आय डिड नॉट पॅक."

आईनं पिठाचा हात वर केला. "सकाळी नाय नको."

"आई, हे वाक्य आहे."

"असू दे. सकाळी तोंडातून नाय काढायचं नाय. संध्याकाळी घेऊ."

बाजारातली सवय ती. पहिल्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. त्यानं कितीही पडता भाव सांगितला तरी त्याला परत पाठवायचं नाही. आधी हो म्हणायचं, त्याला थांबवायचं, मग बोलणं सुरू करायचं, आणि नाहीच वर चढला तर त्याच्या भावात देऊन टाकायचं. पहिला माणूस रिकामा गेला की दिवस रिकामा जातो. कंपनीत जायला लागून काही वर्षं झाली होती, पण सकाळ झाली की ती बाजारातच असायची. बस येईपर्यंत घरात तिच्यासमोर "मीठ नाही" असंही कुणी म्हणायचं नाही. मीठ "आणायचं हाय" असं म्हणायचं.

म्हणून नकार संध्याकाळवर गेले. संध्याकाळी ती यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे. दिवसभर उभ्यानं काम. मी पाण्याची बादली पुढे ठेवायचे, ती त्यात पाय सोडून भिंतीला टेकायची.

"आय डिड नॉट," मी म्हणायचे.

"आय डिड नॉट," ती म्हणायची, आणि मान बाजूला पडायची.

बाबा खूण करायचे, राहू दे.

नकाराच्याही नोट मी करून दिल्या. सकाळी बसमध्ये त्या वाजल्या की ती पुढे ढकलायची. आणि दिवसा कंपनीच्या गेटवर फोन जमा होतो. मी विनवलं, मग चिडले. एकदा म्हटलं, "ते तुला भाव विचारायला येणार नाहीत गं." ती म्हणाली, "इचारायला येणारा माणूस, बाय, सगळा सारखाच." मला कळत होतं की वेळ सरत चाललाय. पॅकिंगमधल्या काही बायकांना "उद्यापासून नको" असं सांगूनही झालं होतं. त्या बसमधून उतरताना डबा छातीशी धरून उतरायच्या. मला जेवण जाईना. भांडी घासताना, अंघोळ करताना माझ्या डोक्यात आईच्या आवाजात क्रियापदं चालू असायची, आणि प्रत्येक रांग अर्ध्यावर थांबायची.

तपासनीस आले तो दिवस पहिल्या पाळीचा होता, आई दुपारीच सुटणार होती. आईनं बांगड्या काढल्या. बाबा त्या दिवशी नेहमीचं काही बोलले नाहीत. ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मारा की तुमचा टोमणा. त्याबिगर चुकल्यासारखं वाटतं."

"मी जिवंत हाय," बाबा म्हणाले. "जा आता."

दुपारी मी नाक्यावर जाऊन उभी राहिले. बसमधून आई उतरली, माझ्याकडे बघितलं, "झालं," म्हणाली आणि चालू लागली. काकी मागून आली आणि तिनं माझा हात धरला.

"काय आवाज लावला तुज्या आयशीने," काकी म्हणाली. "सकाळी पयला आमच्याच लाइनवर आला तो गोरा. पयलंच टेबल तुज्या आयशीचं. त्यानं इचारलं काय करते. हिनं वॉश, क्लीन, चेक, पॅक, सगळं धाडधाड. तो हसला पन. मग त्यानं अजून काय काय इचारलं."

"मग?"

"मग ही येस बोलली."

"कशाला?"

"सगळ्यालाच. आमचा सायब मागं उभा. मास्कवरनं नुसते डोळे दिसतात ना, ते असे झाले, बर्फातल्या पापलेटासारखे." काकी हसायला गेली आणि माझ्याकडे बघून थांबली.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, काय म्हणाला तो, आठवेल तसं सांग. मला वाटलं एखादा शब्द सांगेल. तिनं डोळे मिटले आणि त्याच्या सुरासकट अख्खा प्रश्न म्हणून दाखवला. हॅव यू एव्हर पॅक्ड विदाऊट चेकिंग. नवीन माल लाइनवर घ्यायच्या आधी जुनं लेबल, गोळ्यांची जुनी पट्टी कुठे राहिली नाही ना, हे तपासायचं असतं. आईचं मुख्य काम तेच. न तपासता कधी पॅक केलंस का, असं त्यानं विचारलं होतं, आणि पुढेही तसंच काहीतरी.

मी तिला अर्थ सांगितला. बाबांच्या हातातली सुई थांबली.

"तुला कळलं नव्हतं, तर गप्प राहायचंस," मी म्हटलं.

"सकाळचा पयला माणूस होता, बाय. मना वाटलं आधी हो बोलू, मग तो बोलेल, मग मी बोलेन. मी सगळं सांगणार होते, कसं तपासते, टेबलाखाली वाकून कसं बघते. पन तो थांबलाच नाय. लिवलं आनि पुढं गेला."

"कधी असं केलं होतंस का?"

"एकदा पन नाय." नाही म्हणताना ती जराही अडखळली नाही. संध्याकाळ होत आली होती. "मग तू जाऊन सांग ना त्यांना. तुला येतं."

दुसऱ्या दिवशी मी गेले. रिक्षात बाकीच्या बायका वाटेतल्या कुंभवली गावाला उतरल्या आणि पुढे मी एकटीच राहिले. वाऱ्याबरोबर तो ओळखीचा उग्र वास येत होता, आईच्या केसांना रोज येणारा. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "किससे मिलना है?" मी रात्रीपासून जुळवलेली वाक्यं मनात म्हणत होते, माय मदर हॅज वर्क्ड हिअर, शी हॅज ऑलवेज चेक्ड. पण मला त्याला फक्त "पॅकिंग" एवढंच सांगता आलं. तो म्हणाला, बाजूला उभे राहा. मी उभी राहिले. उन्हात माझी सावली भिंतीला चिकटली आणि मग लांब झाली.

पॅकिंगचा साहेब, सुपरवायझरच्याही वरचा, बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात हेल्मेट होतं. माझ्यापेक्षा थोडाच मोठा असेल. वॉचमननं माझ्याकडे बोट दाखवलं. तो जवळ आला आणि थांबला. इंग्रजीत म्हणाला, बोला.

जुळवलेलं पहिलं वाक्य मी मनात परत एकदा म्हणून पाहिलं. मग माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं, ते मी जुळवलेलं नव्हतंच. "शी सेज येस टु द फर्स्ट कस्टमर."

"व्हॉट कस्टमर?"

मग मी हिंदीत सांगितलं, तुटक. आई मासळी विकायची. सकाळी पहिल्याला नाही म्हणत नाही. म्हणजे बोहनी. बोहनीच्या माणसाला...

"बोहनी," तो म्हणाला. त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मेरे पिताजी की दुकान है गाँव में. वो भी पहले ग्राहक को वापस नहीं भेजते."

त्याला कळलं होतं, अगदी पूर्ण. मला वाटलं, आता आई राहणार.

"मौसी का काम मैंने देखा है," तो म्हणाला. "वो बिना चेक किए पॅक नहीं करती. मुझे मालूम है. लेकिन उनके कागज पर 'येस' लिखा है. अब जवाब मुझे लिखना है कि ऐसा क्यों हुआ. उसमें मैं बोहनी लिखूँ?"

त्यानं ते चिडून विचारलं नव्हतं. तो खरंच मला विचारत होता, जणू माझ्याकडे त्यासाठी इंग्रजी शब्द असेल. मी शोधला. नव्हता. तो म्हणाला, "ठेकेदार फोन करेगा," आणि गाडीकडे गेला.

ठेकेदाराचा फोन आला नाही. काकीला रोलवर घेतलं नाही, पण महिनाअखेरपर्यंत ठेवलं. आईला आता येऊच नको असा निरोप काकीच घेऊन आली, आणि तो सांगताना ती दारात चप्पल न काढता उभी राहिली. त्यानंतर रोज सकाळी बस नाक्यावर हॉर्न द्यायची. आई ऐकायची. बांगड्या हातातच असायच्या. बाबा जाळ्यात तोंड घालून बसायचे.

एका संध्याकाळी ती भांडी घासत होती, मध्येच म्हणाली, "आता इचार."

"काय?"

"तो गोरा इचारत होता ते."

मला नको होतं. तिनं परत सांगितलं तेव्हा मी विचारलं. "हॅव यू एव्हर पॅक्ड विदाऊट चेकिंग?"

"नो सर," आई म्हणाली. राखेचा हात तसाच हवेत. "आय हॅव नेव्हर पॅक्ड विदाऊट चेकिंग. आय चेक. आय चेक्ड. आय हॅव चेक्ड."

एकही चूक नव्हती. 'नेव्हर' मी तिला शिकवल्याचं मला आठवत नव्हतं. त्या न ऐकलेल्या नोटांमध्ये असेल, पुढे ढकलता ढकलता कानावर पडलेलं.

"परत इचार."

मी परत विचारलं. तिनं आवाज चढवला, बाजारातला आवाज, आणि शेजारच्या खिडकीत काकी आली. आई म्हणतच राहिली. नो सर. नो सर. शेवटी बाबा म्हणाले, "पुरे आता. गेला तो त्याच्या देशाला." तेव्हा तिनं हात धुतले.

त्या आठवड्यात आम्ही परत मासळीवर गेलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, कारण एकटीनं पाट्या उचलायच्या तर आता तिचे पाय साथ देत नाहीत. पहाटे बंदरावर तिनं मांदेली आणि थोडे बोंबील घेतले. बोईसरच्या बाजारात तिची जुनी जागा कधीच गेली होती. ओळखीच्या एका बाईनं बूड सरकवून दोन पाट्या मावतील एवढी जागा दिली. "कंपनी सोडली काय गं?" तिनं विचारलं. "सोडली," आई म्हणाली.

मी मागे बसले होते, ओल्या गोणपाटावर, गुडघे जवळ घेऊन. पहिला आला तो मोटरसायकलवरून न उतरताच, एक पाय जमिनीवर टेकवून. त्यानं मांदेलीचा जो भाव सांगितला, त्यात बर्फाचा खर्चही निघणार नव्हता. आईनं पाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"घे," ती म्हणाली. मग थोडं वर चढवायचा प्रयत्न केला, हसून, पोराबाळांची शपथ घालून. तो चढला नाही. तिनं त्याच भावात वाटा पिशवीत भरला, आलेली नोट पाट्यांवरून ओवाळली आणि कपाळाला लावली.

"झाली बोहनी," ती मला म्हणाली. "आता कोणाला पन नाय बोलू शकतो. ये, पुढं ये. आता तू बोल."

मी पुढे सरकले. एक बाई थांबली, पिशवी हातात, बोंबलांकडे बघत. "कसे दिले?" तिनं मला विचारलं.

मला भाव माहीत होता. तो जिभेवर होता, अगदी टोकाशी. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग पुढच्या पाटीकडे गेली.

आईनं ओंजळीनं मासळीवर पाणी शिंपडलं आणि येणाऱ्या पुढच्या माणसाकडे बघायला लागली.